दौऱ्याचं भाडं

हवामान बदलाच्या परिषदांना सरकारी खर्चाने, आणि तेही विमानाने, जाणाऱ्या साहेबलोकांवरून आमच्या घरात गेली दोन-तीन वर्षं दोन तट पडले आहेत. पुण्याचा भाचा म्हणतो, "मावशी, धूर कमी करा हे सांगायला धूर सोडत जायचं, आणि तिकीट मात्र आपल्या खिशातून!" माझी पुतणी पर्यावरणाच्याच कामात आहे. ती म्हणते, "काकू, तिथे आपलं कोणी गेलंच नाही तर आपलं म्हणणं मांडणार कोण?" दोघंही हुशार आहेत आणि दोघंही आवाज चढवतात. मी इतिहासाची शिक्षिका होते. मला काही विचारलं की मी शंभर-दीडशे वर्षं मागे जाते, हे ठाऊक असल्यामुळे मला आता कोणी विचारत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

आधी भाच्याचं म्हणणं घेऊ, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २०२३ च्या डिसेंबरात दुबईला हवामान परिषद झाली. तिला ऐंशी हजारांच्या वर माणसं गेली. आपल्या अकलूजची, बार्शीची निम्मी वस्ती तरी असेल का एवढी? ब्रिटनचे राजे, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री असे तिघं तिथे गेले, ते तीन वेगवेगळ्या विमानांनी. मुंबईहून लंडनला जाऊन परत यायचं तर साध्या वर्गातल्या एका माणसामागे टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वरच्या वर्गातली खुर्ची जास्त जागा अडवते, म्हणून तिचा वाटा अडीच-तीन पट धरतात. आता आपल्या देशातला माणूस वर्षभरात सरासरी दोन टनांच्या आसपास सोडतो. म्हणजे वरच्या वर्गातून एकदा लंडन करून आलेले साहेब दीड-दोन भारतीयांचं वर्षाचं खातं संपवून येतात. हे गणित पाचवीतल्या मुलालाही कळेल आणि त्याला रागही येईल.

आपल्या राज्यातही हा वाद झाला आहे. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेला तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे गेले होते, तिथे महाराष्ट्राला एक पुरस्कारही मिळाला. २०२३ साली सत्ता बदललेली होती. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे जर्मनी आणि ब्रिटनला निघणार होते आणि जनतेच्या पैशाने ही सहल कशाला, असं विचारण्यात आदित्य ठाकरेच पुढे होते. तो दौरा पुढे ढकलला गेला. विधानसभा अध्यक्षांचा घानाचा दौराही त्याच सुमारास रद्द झाला. कोणी याला दुटप्पीपणा म्हणेल. मला तसं वाटत नाही. विचारणं हे विरोधकाचं कामच आहे, आणि जाणाऱ्याला विचारणारा कोणीतरी असायलाच हवा. मला खटकलं ते दुसरंच. त्या सगळ्या गदारोळात 'किती खर्च झाला', 'किती माणसं नेली', 'कुठल्या हॉटेलात उतरले' हे सगळं विचारून झालं. 'येताना काय घेऊन आलात' हे फार थोड्यांनी विचारलं. आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्यातल्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आपले बार्शी, सांगोला, माढा, करमाळा, माळशिरस होते.

हा वाद नवा नाही हो. आपल्याकडे तर सरकारच वर्षातून तीनदा बिऱ्हाड हलवत असे. उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई. लाटसाहेबांबरोबर दफ्तरं, कारकून, शिपाई, खानसामे, सगळा लवाजमा निघे. वरचं हिंदुस्थान सरकार १८६४ पासून दर उन्हाळ्यात सिमल्याला जाऊन बसे. त्या काळची देशी वर्तमानपत्रं यावर टीका करत, की रयत उन्हात होरपळते आणि तिच्याच पैशाने सरकार गारव्याला जातं. (हवामानामुळे होणारा सरकारी प्रवास, याचं इतकं चोख उदाहरण दुसरं सापडणार नाही.) पुण्याच्या गणेशखिंडीत लाटसाहेबांसाठी जो बंगला बांधला, त्याचा खर्च अंदाजाच्या इतका वर गेला की बोंब झाली. आज त्यात पुणे विद्यापीठ आहे, म्हणजे निदान तो पैसा तरी शेवटी आपल्या पोरांच्या कामी आला म्हणायचा.

पण मला सांगायचं आहे ते एका दौऱ्याबद्दल. त्यात फार उधळपट्टी झाली नाही. उलट काटकसर करण्यासाठीच तो दौरा काढला होता.

१८७६ साली दख्खनवर पाऊस रुसला. सोलापूर, कलादगी (म्हणजे आजचा विजापूर-बागलकोटचा मुलूख), नगर, सातारा, पुण्याचा पूर्व भाग, सगळीकडे खरीप गेला आणि रब्बीही गेला. आपला जिल्हा तर ज्वारीचा, रब्बीचा. परतीचा पाऊस चुकला की सगळंच चुकलं. खाली मद्रास इलाख्यात त्याहून भयंकर परिस्थिती. आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन दिल्लीत दरबार भरवण्यात गुंतले होते. १ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करायचं होतं. राजेरजवाडे, हत्ती, तोफा, मेजवान्या. हा सगळा खर्चही शेवटी इथल्याच तिजोरीतला.

दरबार आटोपला आणि लिटनसाहेबांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागाच्या पाहणीला पाठवलं. हे गृहस्थ कोण? तीनच वर्षांपूर्वी, १८७४ मध्ये, बंगाल-बिहारात दुष्काळ पडला होता आणि तिथे याच टेंपलसाहेबांनी ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ आणवून माणसं जगवली होती. फार थोडी माणसं दगावली. त्याबद्दल त्यांची पाठ थोपटायची की नाही? तर नाही. एवढा पैसा घातला म्हणून त्यांच्यावर विलायतेत टीकेची झोड उठली. माणसं जगली याचा अर्थ दुष्काळ फारसा नव्हताच, मग एवढा खर्च कशाला, असा तो तर्क! मुलांना हा धडा शिकवताना मी इथे थांबत असे आणि वर्गाला विचारत असे, आता पुढच्या दुष्काळात हा माणूस कसा वागेल? मागच्या बाकावरचा पोरगाही बरोबर उत्तर देई.

टेंपल उत्तम घोडेस्वार होते, चित्रंही छान काढत, आणि त्यांचा फिरण्याचा झपाटा मोठा होता. जानेवारी १८७७ मध्ये ते निघाले. मुंबई इलाखा पाहिला, मद्रास इलाखा पाहिला. आगगाडी आपल्याकडे १८६० लाच आली होती, तेव्हा मुलूख झपाट्याने पालथा घालणं सोपं झालं होतं. जिल्ह्यामागून जिल्हे पाहून त्यांनी निष्कर्ष काढला, की सरकारी कामांवर गरज नसलेली माणसं फार आली आहेत आणि मजुरी जास्त आहे. धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याइतकी मजुरी आणि वर थोडी चिल्लर एवढं पुरे. शिवाय कामं गावाजवळ नकोत, लांब असावीत, म्हणजे ज्याला खरंच गरज आहे तोच येईल.

एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. त्या ज्वारीच्या चार-पाच भाकरी होतात. वाचताना वाटतं की बरंय की! पण ती घरी बसून खायची नव्हती. उन्हात दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची, आणि त्यावर हे. आजच्या हिशोबाने ते सोळाशेच्या आसपास उष्मांक होतात. एवढ्या कष्टाला त्याच्या जवळपास दुप्पट लागतात. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच बजावलं होतं, की एवढ्यावर काम करणारा माणूस जगणार नाही. पुढे मद्रासच्या सरकारला मजुरी वाढवावी लागली. मुंबई इलाख्यात मात्र ती चालूच राहिली आणि त्याच वर्षी टेंपलसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले.

मजुरी कापली तेव्हा आपल्याकडे काय झालं, ते शाळेच्या पुस्तकात कधी आलं नाही. दख्खनच्या जिल्ह्यांतली लाखाच्या वर माणसं कामं सोडून निघून गेली. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. पुढारी नाही, झेंडा नाही. आम्ही एवढ्या मजुरीवर राबणार नाही, म्हणून बायकापोरांसह उठून चालू लागली. सरकार म्हणालं, बघा, गरज नव्हतीच!

आता जिल्ह्याचा आकडा सांगते. १८७२ च्या खानेसुमारीत सोलापूर जिल्ह्यात ७,१९,३७५ माणसं होती. १८८१ च्या खानेसुमारीत ५,८२,४८७. नऊ वर्षांत लोकसंख्या वाढायला हवी, ती एक लाख छत्तीस हजारांनी घटली. सगळेच मेले असं नाही. कित्येक निजामाच्या मुलखात गेले, मुंबईला गेले, परत आलेच नाहीत. पण जिल्ह्यातलं दर पाचांतलं एक माणूस गेलं. टेंपलसाहेबांच्या दौऱ्याचं भाडंभत्ता कितीसं झालं असेल? दोन-चार हजार रुपये? आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात त्याहून महाग सरकारी दौरा झालेला नाही.

त्याच वेळी दुसरी माणसंही फिरत होती. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सगळे सार्वजनिक काका म्हणत, ते तिचे प्राण. न्यायमूर्ती रानडे पाठीशी. काका दिल्ली दरबारालाही गेले होते, सभेच्या वतीने, अंगावर हाताने कातलेल्या-विणलेल्या खादीचा वेष घालून. त्या जरीच्या आणि हिऱ्यामोत्यांच्या गर्दीत एक खादीवाला! सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत आपली माणसं ठेवली, त्यांच्याकडून पिकांची, बाजारभावांची, कामांची, जनावरांची खबर मागवली आणि सरकारकडे पत्रांमागून पत्रं धाडली. भाव काय, मजुरी काय, कुठल्या गावात काय परिस्थिती. म्हणजे दौरा यांनीही केला. सरकारी भत्ता नव्हता, वर्गणीतून आणि पदरमोड करून केला. यांच्या पत्रांनी मजुरी लगेच वाढली नाही. पण पुढे दुष्काळाची चौकशी करायला आयोग नेमावा लागला आणि १८८० नंतर दुष्काळसंहिता आली, म्हणजे दुष्काळ पडला की सरकारने काय करायचं याचे लेखी नियम. त्यामागे या गावोगावच्या नोंदींचा, वर्तमानपत्रांच्या रेट्याचा मोठा हात होता.

आणि लेखी नियमांचं महत्त्व वीस वर्षांनी कळलं. १८९६ ला पुन्हा दुष्काळ पडला. तेव्हा लोकमान्यांनी 'केसरी'तून आणि सभेच्या माणसांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांना सांगितलं, की बाबांनो, पीक बुडालं तर साऱ्यात सूट मागता येते, सरकारचेच नियम आहेत, घाबरू नका. सरकारला हे इतकं झोंबलं की काही कार्यकर्त्यांवर खटले भरले आणि १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. टिळक त्या वेळी सोलापूरलाही आले होते. आपल्याकडचे विणकर उपाशी होते. शेतकऱ्याला खडी फोडायला पाठवता येतं, पण मागावर बसणाऱ्याचे हात खडीने गेले तर तो पुढे विणणार काय? त्यासाठी इथल्या व्यापाऱ्यांना, प्रतिष्ठितांना बरोबर घेऊन त्यांनी विणकरांना सूत आणि काम पुरवण्याची योजना केली होती. सरकारने ती मानली नाही. तरी मला हा दौरा फार महत्त्वाचा वाटतो. येणारा माणूस आला, पाहिलं, आणि जाताना काहीतरी लिहून, ठरवून गेला.

माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला दुष्काळ १९७२ चा. मी नुकतीच नोकरीला लागले होते, सांगोल्याकडच्या एका खेड्यात. वर्गातली निम्मी मुलं नालाबंडिंगच्या कामावर आईबापांबरोबर असायची, म्हणून आम्ही शिक्षक संध्याकाळी कामावरच जाऊन बसायचो. सुकडी वाटली जायची. रेशनला अमेरिकेचा तांबडा मिलो यायचा. त्याची भाकरी थापताना बायका शिव्या घालायच्या, कारण ती धड थापली जात नसे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते.

तेव्हा जिपा यायच्या. एक साहेब यायचे, ते जीपमधून उतरायचे नाहीत. मुकादमाला बोलवायचे, कागदावर सही व्हायची, धुरळा उडवत गाडी पुढे. दुसरे एक आले होते, वयाने पोरसवदा. ते उतरले, बायकांच्या टोळीजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "आई, गेल्या हप्त्याला किती पडले?" तिने सांगितलं. त्यांनी मस्टर मागवलं, मग टेप मागवली आणि खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली स्वतः मोजली. माप कमी धरलं होतं. पुढच्या हप्त्याला त्या टोळीला मागचा फरक मिळाला. दोन्ही जिपांना पेट्रोल सरकारचंच लागलं होतं, आणि मला वाटतं सारखंच लागलं असेल.

त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी विधान परिषदेचे सभापती असताना ती पुढे रेटली. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आणि तिच्यासाठी पैसा कुठून आला? १९७५ पासून नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. माझ्या पगाराच्या स्लिपवर तो दर महिन्याला दिसे. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावरून खूप कुरकूर व्हायची, की आमचे पैसे कापून तिकडे माती उकरतात. मी त्या टोळीतल्या बायका पाहिल्या होत्या, त्यामुळे मला ते पैसे कधी जड वाटले नाहीत. २००५ साली साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचं मूळ आपल्या या दुष्काळात आहे. करदात्याच्या पैशाबद्दल मी बोलते ती या अर्थाने बोलते. मी तीसेक वर्षं भरला आहे, म्हणून मला विचारायचा हक्क आहे आणि काय विचारायचं तेही थोडंफार कळतं.

२००९ साली पाऊस देशभर कमी झाला, वीस टक्क्यांच्याही वर तूट. त्यात जगात मंदी. तेव्हा दिल्लीत काटकसरीची लाट आली. प्रणव मुखर्जी अर्थमंत्री होते, त्यांनी मंत्र्यांना साध्या वर्गाने प्रवास करायला सांगितलं. सोनिया गांधी साध्या वर्गाने मुंबईला आल्या, राहुल गांधी शताब्दीने लुधियान्याला गेले, आणि शशी थरूर यांनी साध्या वर्गाला 'कॅटल क्लास' म्हणून स्वतःवर संकट ओढवून घेतलं. पंधरा दिवस वर्तमानपत्रांत दुसरा विषय नव्हता. कोण कुठल्या खुर्चीत बसलं याचे फोटो आले. आमच्या सोलापूरच्या रब्बीचं काय झालं, हे मात्र आतल्या पानावर. खुर्ची बदलून वाचलेल्या पैशाने कुठल्या गावात टँकर गेला, असं कोणी छापल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या टोकाला २०१६ चा लातूर. पाणी इतकं संपलं की मिरजेहून रेल्वेने न्यावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. आणि त्याच महिन्यात दुष्काळाच्याच पाहणीला येणाऱ्या मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरसाठी औसा तालुक्यात हेलिपॅडवर धूळ बसावी म्हणून दहा हजार लिटर पाणी मारल्याच्या बातम्या आल्या. मंत्री होते एकनाथ खडसे. लातूरहून तिथे मोटारीने जायला फार वेळ लागत नाही. इथे मी पूर्णपणे भाच्याच्या बाजूची आहे.

विमानाचं म्हणाल तर सोलापुरात हा विषय काढायचाच नाही. एका चिमणीपायी गावात वर्षानुवर्षं दोन पक्ष होते. ती २०२३ च्या जूनमध्ये पडली, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याला विमान सुरू झालं, आणि तरीही कट्ट्यावर वाद चालूच. असो. पण त्याआधीही याच आकाशात सरकारी खर्चाची विमानं घिरट्या घालत होती, हे कितीजणांच्या लक्षात आहे? २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सोलापुरात तळ ठोकला होता. घाटापलीकडची आमची पर्जन्यछाया त्यांना हवी होती. पावणेतीनशेच्या आसपास ढग निवडले. काहींवर क्षारांची फवारणी केली, काहींवर मुद्दाम केली नाही, म्हणजे तुलना करता यावी. लोक म्हणत, ढगावर पैसे उडवतात. मीही सुरुवातीला हसले होते. पण त्यांनी मोजलं आणि २०२३ मध्ये छापलं: फवारणीच्या टप्प्यातल्या सुमारे शंभर चौरस किलोमीटरमध्ये पाऊस अठरा टक्क्यांच्या आसपास जास्त पडला, तोही ढग योग्य असला तरच. दुष्काळावरचा रामबाण म्हणून कोणी ढोल वाजवला नाही. मला ते आवडलं. विमान उडालं, धूर सोडला, पैसे गेले, आणि त्याबदल्यात आपल्याला एक आकडा मिळाला. तो तपासता येतो, खोडताही येतो.

आता पुतणीकडे वळते. तिचं खरं आहे का? माझ्या मते बऱ्याच अंशी आहे. २०२२ साली इजिप्तच्या परिषदेत ठरलं, की हवामानामुळे ज्यांचं नुकसान होतं अशा गरीब देशांसाठी वेगळा निधी असावा. बड्या देशांना तो नको होता, तीसेक वर्षं टाळाटाळ चालली होती. समुद्रात बुडायला लागलेल्या छोट्या बेटांची माणसं दर वर्षी जाऊन बसली, तेच तेच सांगत राहिली, म्हणून ते झालं. ती विमानानेच गेली होती, पोहत जाणं शक्य नव्हतं. आपले नामदार गोखले १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला बोटीने गेले होते. इथे पुण्यात बसून त्यांनी कितीही अग्रलेख लिहिले असते तरी त्या साक्षीची सर आली नसती. ज्याचं घर जळतं आहे त्याने पंचायतीत जायलाच हवं. प्रश्न त्याच्याबरोबर जाणाऱ्या पाहुण्यारावळ्यांचा आहे. दहा माणसांत काम करणारी तीन असतात, हे मला शाळेच्या सहलींवरूनही ठाऊक आहे. उरलेल्या सातांना घरी बसवून पडद्यावर परिषद दाखवावी. करोनात आम्ही म्हातारी माणसंसुद्धा ते शिकलो.

दुष्काळ पाहायला येणाऱ्या केंद्राच्या पथकांचंही हेच. ती येतात तेव्हा बहुतेक वेळा खरीप निघून गेलेला असतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि आता दुष्काळाच्या जोडीला पूर. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेने माढा, मोहोळ, करमाळ्यात घरं बुडवली, ती सीना, जिच्या पात्रातून आम्ही कोरडे पाय घेऊन चालत गेलो आहोत. मुख्यमंत्री आले, पाहून गेले. यायलाच हवं होतं.

हिशोब काय ठेवला जातो ते पाहा. २०१२ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने एक परिपत्रक काढलं, की मंत्र्यांच्या आणि सहसचिव व त्यावरच्या अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांची माहिती खात्याने आपणहून जाहीर करावी: दौऱ्याचं स्वरूप, ठिकाण, किती दिवस, बरोबर किती माणसं, एकूण खर्च. चांगलं परिपत्रक आहे. पण त्यात 'दौऱ्याहून आल्यावर दिलेला अहवाल' हा रकाना नाही. टेंपलसाहेबांना हा नमुना भरायला दिला असता तर तेही उत्तम मार्कांनी पास झाले असते.

म्हणून भाच्याला मी एक काम दिलं आहे. माहिती अधिकाराचा अर्ज राज्याच्या पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाकडे पाठवायचा. खर्च विचारायचा नाही, तो विधानसभेत कोणीतरी विचारेलच. विचारायचं एवढंच: परदेशातल्या हवामान परिषदांना गेलेल्यांनी आल्यावर अहवाल दिला का, कोणत्या तारखेला, त्याची प्रत, आणि त्यावर आजवर काय कार्यवाही झाली. मराठीत असेल तर मराठी प्रत. महाराष्ट्रात अर्जात एकच विषय चालतो आणि तो दीडशे शब्दांत बसवावा लागतो, पुतणीने मजकूर बसवून दिला आहे. फी दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो.